दोन फोटो, रेशन कार्ड आणि दिनानाथ

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या बायका मोटार घ्यायला निघाल्या की तीन गोष्टी बरोबर नेत. पासपोर्ट साइजचे दोन फोटो, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि दिनानाथ. फोटो नाहीतर झेरॉक्स घरी राहिली, तर दुसऱ्या दिवशी नेऊन देता येई. दिनानाथ घरी राहिला, तर मोटार मिळत नसे.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं, कारण दिनानाथला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य मिलच्या टाइम ऑफिसात गेलं होतं. गेटापाशी टेबल टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी मांडायची आणि मांडता मांडता प्रत्येकाला सल्ला द्यायचा, हे त्याचं काम. खोकल्यावर काय घ्यावं, मुलगी कुठं द्यावी, मेव्हणा घरात ठाण मांडून बसला तर त्याला कसा उठवावा. तीन पाळ्यांच्या माणसांत तो सल्ला वाटला जाई, त्यामुळे कुणाच्या वाट्याला फारसा येत नसे. मग एके दिवशी मिलला टाळं लागलं. बाकीचे लोक नुसते रिकाम्या हातांनी घरी गेले. दिनानाथ सगळा सल्ला बरोबर घेऊन घरी आला, आणि घरी तो घ्यायला माणूस एकच होतं. त्याची बायको, अरुंधती.

अरुंधती हातोदच्या सरकारी शाळेत शिक्षिका होती. रोज सकाळी गंगवाल स्टँडवरून बस पकडायची, बहुतेक वेळा उभ्यानं जायचं आणि उभ्यानं यायचं. मिल बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर चालत होतं, आणि ही गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टी दिनानाथ बोलत असे. मोहरी तडतडायच्या आधी हिंग का घालू नये, हे तो फोडणीशेजारी उभा राहून सांगे. पोरांना नर्मदा नकाशावर कुठून काढायला शिकवावी, हे ती चपला घालत असताना सांगे. तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीत चुपचाप मोटार चालवायला शिकून घेतलं होतं. घरी खात्याचं शिबिर आहे असं सांगितलं, तर शिबिरात कुठं बसावं यावरही त्याला मत होतं. तिला स्वतःची मोटार हवी होती, हातोदला जायला. हे तिनं घरात एकदाच काढलं होतं, आणि त्याचं उत्तर दिनानाथ दिवाळीपासून देत होता. बस कशी सुरक्षित, मोटार रिव्हर्स घेणं बायकांना का जमत नाही, आणि घ्यायचीच तर पांढरी का घ्यावी. ती ऐकत राही आणि पोळ्या लाटत राही.

ते दिवस मोठे मजेचे होते. आधी मोटार बुक केली की घरातलं पोर शाळेत जायला लागेपर्यंत ती येत नसे. आता देशाची दारं उघडली म्हणतात तशी उघडली, आणि ए.बी. रोडवर काचेची एक शोरूम उभी राहिली. तिथं मोटारी पंख्याशिवायच्या गारव्यात बसून गिऱ्हाइकाची वाट बघत. मिलचे भोंगे बंद झाले होते आणि इकडे टाय लावलेली पोरं दार उघडून धरत होती. एवढं सगळं बदललं, पण टायवाल्या पोरांना एक गोष्ट कुणी शिकवली नव्हती, ती म्हणजे बाईशी बोलायचं कसं.

अरुंधतीच्या वरच्या मजल्यावर शैलजाताई राहत. विमा कंपनीत अधिकारी, लग्न केलेलं नाही, हाताखाली अख्खं ऑफिस. त्या पहिल्यांदा शोरूमला गेल्या तेव्हा नीरज नावाच्या सेल्समननं त्यांना थंडगार शीतपेय दिलं आणि सर गाडी पार्क करताहेत का म्हणून विचारलं. सर नाहीत, असं शैलजाताईंनी सांगितलं. काही हरकत नाही, थांबू या, असं नीरज म्हणाला. दुसरी बाटली संपली. त्यांनी मायलेज विचारलं, तर सर आले की सगळं एकदमच समजावतो, असं त्यानं अदबीनं सांगितलं. पोरगं उद्धट नव्हतं हो. त्याला खरंच वाटत होतं की सर येणार आहेत.

शैलजाताई तणतणत खाली आल्या आणि अरुंधतीला म्हणाल्या, "तुझा नवरा रविवारी खाली आहे का गं, काही काम नाही ना त्याला? जरा दे ना दोन-चार घंट्यांसाठी."

शेजारी मोठं पातेलं मागतात तसंच त्यांनी मागितलं, आणि अरुंधतीनंही तसंच दिलं. संध्याकाळच्या आत परत आणा, दळण आणायचंय, एवढी एकच अट तिनं घातली.

दिनानाथकडे बंद गळ्याचा एक कोट होता, मिलच्या शेवटच्या वाटपातल्या कापडाचा. शिवला तेव्हा अंगाला बसत होता. आता तो घातला की वाकता येत नसे आणि गळ्याचा हूक लावला की बोलता येत नसे. त्या कोटात तो शोरूममध्ये शिरला. गार हवा, चारी बाजूंना काच, आणि टायवाला मुलगा आपल्याला सर म्हणतो आहे, हे बघून त्याची जीभ टाळ्याला चिकटली. मिलच्या गेटावर कधी न घाबरलेला हा माणूस तिथं पार घाबरला. मोटारीकडे बघितलं तर तिच्याबद्दल कुणी काही विचारेल, म्हणून तो छताकडे बघत ताठ बसून राहिला. नीरजनं त्याला इंजिनपासून डिकीपर्यंत सगळी मोटार समजावून सांगितली. दिनानाथ म्हणाला, "हूं." नीरजनं पायपुसण्या फुकट दिल्या. गळ्याचा हूक टोचला म्हणून दिनानाथ पुन्हा "हूं" म्हणाला, तेव्हा सीट कव्हर आलं आणि गुढीपाडव्याच्या आत गाडी द्यायचा शब्दही आला. शैलजाताईंनी सही केली, आणि दिनानाथला रिक्षातून दळणाच्या वेळेला घरी पोचवलं.

महिला मंडळात ही बातमी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फुटली. पुढच्या महिन्यात एका डॉक्टरीणबाईंनी दिनानाथला नेलं, त्यांचे यजमान कुवेतला होते. मग एका मुख्याध्यापिकाबाईंनी. मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी नेलं. त्यांचे यजमान घरीच होते, पण ते फार हसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नीरजनं दिनानाथला दुसऱ्याच खेपेला ओळखलं. हा माणूस महिन्यापूर्वी वेगळ्या बाईबरोबर आला होता, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं संशय घेतला असता. पण नीरज इंदूरचा पोरगा, राजवाड्याच्या सावलीत लहानाचा मोठा झालेला. बंद गळ्याचा कोट, ताठ कणा, तोंडातून ब्र नाही, दर वेळी निराळी बायको आणि एकीचीही कुरकुर नाही, हे सगळं त्यानं एकत्र मांडलं आणि त्याची खात्री पटली की हे जुन्या सरदार घराण्यातलं कुणीतरी बडं प्रस्थ आहे. तिसऱ्या खेपेपासून तो दिनानाथला सरकार म्हणू लागला.

दिनानाथला तेव्हाच सांगता आलं असतं की बाबा रे, मी टाइम ऑफिसातला. त्यानं सांगितलं नाही. पहिल्या वेळी गळ्याच्या हुकामुळे, आणि पुढं गोड वाटलं म्हणून. मिल बंद पडल्यापासून त्याला बघून कुणी उठून उभं राहिलं नव्हतं, आणि इथं अख्खी शोरूम उभी राहत होती. कुणालाही गोड वाटलं असतं.

मग त्या शोरूमचं डोकंच फिरलं. भिंतीशी दिनानाथसाठी मखमलीची खुर्ची आली. नवीन मॉडेल उतरलं की त्याच्या हातून नारळ फोडून घेऊ लागले. मॅनेजरनं कॅश काउंटर पूर्वेला हलवावा का म्हणून विचारलं, दिनानाथनं "हूं" म्हटलं, आणि दोन सुतार लावून काउंटर हलवला. आता त्याला कुणी बाई बरोबर असायचीही गरज उरली नव्हती. तो नुसता जाऊन बसे. देपालपूरचा एक धान्याचा अडत्या बायको, आई आणि दोन भावांना घेऊन आला होता, चांगला मिशीवाला गडी. नीरजनं त्याचं बोलणं अर्ध्यात सोडलं आणि भिंतीशी जाऊन हळूच विचारलं, सरकार, ह्यांना कौनसी द्यायची? अडत्यानंही दिनानाथकडे हात जोडून बघितलं.

घरी आला की गळ्याचा हूक निघे आणि जिभेचाही. गप्प कसं बसावं, गप्प बसण्यानं केवढी कामं होतात, हे तो अरुंधतीला पोळ्यांपासून अंथरुणं घालेपर्यंत समजावून सांगे. त्याच्या मनात आता एकच होतं. अरुंधतीनं आपल्याला त्या खुर्चीत एकदा बघावं. तिची मोटार घ्यायची वेळ येईल, आपण तिच्या शेजारी बसू, "हूं" म्हणू, आणि मिलमध्ये होता तसा आपला नवरा अजून कुणीतरी आहे, हे तिला दिसेल. तिच्या मोटारीला नाही नाही म्हणणारा दिनानाथ आता त्या दिवसाची वाट बघू लागला. रंग पांढरा, एवढाच त्याचा आग्रह शिल्लक होता.

तो दिवस आला. फंडातून कर्ज मंजूर झालं, आणि अरुंधतीनं सांगितलं की रविवारी जायचं आहे. दिनानाथनं कोट ड्रायक्लीन करून आणला. रविवारी पोहे खाताना त्यानं तिला सूचना दिल्या. तिनं कुठं बसायचं, कधी बघायचं, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही, कारण तिथं त्याचं वजन होतं. ती ऐकत होती. तेवढ्यात दारात मागच्या गल्लीतले प्रतापराव येऊन उभे राहिले, डोक्यावर पागोटं, हातात काठी. हे मात्र खरोखरचे सरदार घराण्यातले. वय झालेलं, ऐकू कमी येई, आणि आजोबांच्या हत्तीची गोष्ट ते भेटेल त्याला सांगत.

"चला काका," म्हणून अरुंधतीनं पर्स उचलली.

दिनानाथ हूक लावता लावता थांबला. त्यानं विचारलं, "हे कुठं?"

"माझ्याबरोबर," अरुंधती म्हणाली. "तुम्ही नको."

तो काही बोलायच्या आत ती पुढं बोलली, अगदी हळू, प्रतापरावांना ऐकू येत नसूनही. "सगळ्या कॉलनीतल्या बायकांसाठी तुम्ही तिथं घंटे घंटे गप्प बसता. मी ऐकून आहे. आणि इथं मी 'मला गाडी अशी हवी की' एवढं म्हणते, आणि त्या 'की'च्या पुढं तुम्हीच बोलता. दिवाळीपासून मी त्या 'की'च्या पुढं गेले नाहीये. प्रतापरावकाकांना ऐकूच येत नाही. ते चालतील मला."

आणि ती गेली. दिनानाथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी त्यानं भिंतीला सगळं समजावून सांगितलं, की हत्तीवाल्या म्हाताऱ्याला शोरूममध्ये कुत्रं विचारणार नाही, गाडी चुकीची येईल, रंग तर नक्कीच चुकीचा येईल. भिंतीनं ऐकून घेतलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण भिंतीशी बोलतो आहोत, आणि तो घाईनं टेम्पो पकडून ए.बी. रोडला गेला.

शोरूम उठून उभी राहिली. दिनानाथ सवयीनं मखमलीच्या खुर्चीत बसला, कोटामुळे ताठ. समोर टेबलाशी अरुंधती बसली होती. तिच्या शेजारी प्रतापराव नीरजला सांगत होते की त्यांच्या आजोबांचा हत्ती महू ते इंदूर एका दमात यायचा, आणि नीरज त्यांना काका, जरा बाजूला बसा, असं सांगत होता. इंदूर शहरात त्या दिवशी खऱ्या सरदाराला स्टूल मिळालं होतं आणि टाइम ऑफिसच्या कारकुनाला मखमल.

नीरज टेबल सोडून कपबशी घेऊन दिनानाथकडे आला. आवाज खाली आणून म्हणाला, "सरकार, त्या मॅडम आहेत. बरोबर कोणी ढंगाचं नाहीये. त्यांना कौनसी द्यायची, बोला ना. तुम्ही म्हणाल ती."

काचेपलीकडून ऊन येत होतं आणि पांढरी मोटार दिनानाथच्या अगदी समोर उभी होती. नुसती हनुवटी तिकडे वळवायची, की काम झालं. अरुंधतीच्या सहीपर्यंत सगळं आपोआप झालं असतं, आणि तिला दिसलंही असतं की नवऱ्याचं इथं केवढं चालतं. यासाठीच तर तो इतके महिने थांबला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गंगवाल स्टँडवर भरलेली बस बघून माणूस पुढच्या बसची वाट बघायला लागतं, तसा तो चेहरा होता. दिनानाथला एकदम फार लाज वाटली.

त्यानं गळ्याचा हूक काढला. शोरूममध्ये त्याचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

"ती माझी बायको आहे," तो म्हणाला.

नीरजनं अरुंधतीकडे मोठ्या आदरानं बघितलं. "ही पण, सरकार?"

"हीच."

नीरज कपबशी धरून उभा राहिला. "मग बाकीच्या?"

"शेजारणी," दिनानाथ म्हणाला. "आणि मी सरकार नाही. मिलमध्ये होतो, टाइम ऑफिसात. मोटारीतलं मला काही कळत नाही."

नीरजला बिचाऱ्याला ते पचायला वेळ लागला. पूर्वेला हलवलेला काउंटर त्यानं बघितला, नवीन मॉडेलांवरचे नारळाचे डाग बघितले. मग त्याला वाटलं की सरकार नसले तरी नवरा आहेच, आणि तो पुन्हा उजळला. "मग तर सोपंच आहे, भाईसाहब. सांगा, मॅडमसाठी कौनसी काढू?"

"तिला विचार," दिनानाथ म्हणाला.

"काय विचारू?"

"कशी हवी ते."

नीरज टेबलाकडे परत गेला. ट्रेनिंगमध्ये हे कुठंच नव्हतं, त्यामुळे तो जरा चाचरला, पण त्यानं विचारलं. मॅनेजर केबिनबाहेर आला. प्रतापरावसुद्धा, काहीतरी चाललं आहे असं दिसल्यावर, हत्ती अर्ध्या वाटेत सोडून थांबले.

"मला गाडी अशी हवी की," अरुंधती म्हणाली, आणि थांबली.

दिनानाथच्या ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. पांढरी, चार दारं, मागची सीट मोकळी. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तोंड मिटून घेतलं. अरुंधती वाट बघत होती. मग तिला कळलं की आता पुढं कुणी बोलणार नाही, आणि ती गोंधळली. त्या शब्दाच्या पुढं ती कधी गेलीच नव्हती, त्यामुळे तिथं काय आहे ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. तिनं पदर सारखा केला, मोटारींकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. टेबलावरच्या शीतपेयाच्या बाटलीचा घाम ओघळून खाली पाणी साचलं, तरी कुणी घाई केली नाही.

"की जिच्यात बसल्यावर," ती शेवटी हळूहळू म्हणाली, "हातोद येईपर्यंत माझ्याशी कोणी बोलणार नाही."

नीरज विचारात पडला. चांगला सेल्समन होता तो. त्यानं सगळ्या मोटारींवरून नजर फिरवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मॅडम, तशा तर सगळ्याच आहेत, पण स्टीरिओ काढावा लागेल.

"काढा," अरुंधती म्हणाली. "आणि ती लाल दाखवा."

दिनानाथला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मिलला टाळं लागलं त्या दिवशीही त्याला एवढं वाईट वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी निदान सांगायला घरी कुणीतरी होतं. आपल्या बायकोला आयुष्यात काय हवं आहे, तर आपण नसलेला अर्धा तास, हे त्याला भर शोरूममध्ये, मॅनेजर आणि हत्तीवाल्या म्हाताऱ्यासमोर कळलं होतं. आणि ते खोटं आहे असं त्याला म्हणता येत नव्हतं.

तो मखमलीच्या खुर्चीतून उठला आणि तिच्या टेबलाशी गेला. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तिच्या मागं उभा राहिला. लाल मोटार बाहेर काढली गेली. नीरजनं चावी आणली, सवयीनं ती दिनानाथपुढं धरली, मग स्वतःच दचकून हात वळवला आणि अरुंधतीला दिली. ती मोटारीत बसली, आरसा नीट केला, आणि ते खात्याचं शिबिर कसलं होतं ते दिनानाथला तेव्हा कळलं. प्रतापरावांनी मागचं दार उघडून बसायला सुरुवात केली, तर दिनानाथनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना हळूच बाहेर काढलं.

"अहो," अरुंधती खिडकीतून म्हणाली. "चक्कर मारून येते. इथंच थांबाल ना?"

रिव्हर्स घेताना कुंडीकडे बघ, क्लच हळू सोड, उजवीकडून टेम्पो येतोय, असं त्याला खूप काही सांगायचं होतं. त्यातला टेम्पो खरंच येत होता, आणि तिनं तो बघितला होता. दिनानाथनं मान हलवली. ती मोटार रस्त्याला लागून पलासियाच्या दिशेनं दिसेनाशी झाली, तरी तो तिथंच उन्हात उभा होता, आणि शेजारी प्रतापराव त्याला हत्तीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते, आणि तो ऐकत होता.